कविता अवारांची, गाणं रशियाचं: दागेस्तानचं साहित्य नेमकं कुणाचं?

माझ्या पुतण्याला दागेस्तान चांगलं माहीत आहे. म्हणजे खबीब नुरमागोमेदोव आणि इस्लाम मखाचेव हे एमएमएवाले (पिंजऱ्यातल्या मारामारीच्या खेळातले) तिथले, एवढं. घरात कुणी अभ्यासाचा कंटाळा केला की तो ते नेहमीचं मीम पुढे करतो: याला दोन-तीन वर्षं दागेस्तानला पाठवा आणि विसरून जा. परवा त्यानं सहज विचारलं, "काका, मारामारी सोडून तिथं आहे काय?"

मी त्याला एक गाणं पाठवलं. 'झुराव्ली', म्हणजे क्रौंच पक्षी. रशियात ९ मेला, दुसऱ्या महायुद्धातल्या विजयाच्या दिवशी, हे गाणं हमखास लागतं. रणांगणावरून परत न आलेले सैनिक मातीत गेलेच नाहीत, ते पांढरे क्रौंच झाले आणि अजून आकाशातून साद घालत उडताहेत, असं ते गाणं म्हणतं. शेवटाकडे गाणारा थव्याकडे बघतो. रांगेत एक छोटीशी फट दिसते. ती जागा कदाचित माझी असेल, असं तो म्हणतो.

पुतण्याचं उत्तर आलं: "भारी आहे. पण हे तर रशियन आहे ना?"

गाणं रशियन आहे, हे खरं. कविता मात्र रशियन नाही. ती अवार नावाच्या भाषेत लिहिलेली होती, रसूल हमजातोव नावाच्या दागेस्तानी कवीनं. अवार ते रशियन या प्रवासात तिच्यातले काही शब्द गळले, काही बदलले, काही नवे आले. दागेस्तानचं जवळजवळ सगळंच साहित्य बाहेरच्या जगात असंच पोहोचलं आहे, कुणाच्या तरी हातून. तो हात कुणाचा होता हे पाहिलं की बाकीचा गुंता बराचसा सुटतो.

एवढ्याशा जागेत इतक्या भाषा?

नकाशावर कॅस्पियन समुद्र शोधा. त्याच्या पश्चिम किनाऱ्याला लागून, कॉकेशस पर्वताच्या उत्तर अंगाला दागेस्तान आहे. रशियन संघराज्यातलं एक प्रजासत्ताक, राजधानी मखचकाला. क्षेत्रफळ सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या विदर्भाच्या निम्म्याच्या आसपास. लोकसंख्या ३० लाखांहून थोडी जास्त.

एवढ्यात भाषा किती? तीसहून अधिक. त्या एकमेकींच्या बोली आहेत, असंही नाही. नागपुरी आणि मालवणी माणूस हळू बोलले तर एकमेकांना समजतात. अवार आणि कुमिक माणसाचं तसं होत नाही, कारण त्यांच्या भाषांची कुळंच वेगळी. अवार, दार्गिन, लेझगिन, लाक, तबासरान या कॉकेशसच्या स्वतःच्या भाषा. कुमिक आणि नोगाई तुर्की घराण्यातल्या. आणि तात ही फारसीची नातलग, म्हणजे लांबून का होईना मराठीची चुलत बहीण. आर्ची ही भाषा तर जेमतेम हजारभर माणसं बोलतात, तीही एका छोट्याशा डोंगरी वस्तीत. भाषाशास्त्रज्ञ मात्र जगभरातून तिच्या मागे असतात, कारण तिथल्या एका क्रियापदाची रूपं लाखांत मोजावी लागतात.

असं का झालं? डोंगर हे एक कारण. दोन गावांच्या मध्ये खोल दरी, हिवाळ्यात वाट बंद, शेत घराच्या पायरीएवढं, आणि लग्नं बहुतेक गावातल्या गावात. अरब भूगोलकारांनी या भागाला 'भाषांचा डोंगर' असं नाव दिलं होतं. तिथली लोककथा वेगळं कारण सांगते. देवाचा दूत खुरजीत भाषा भरून जगभर वाटत निघाला होता. दागेस्तानात पोहोचला तर हिमवादळ. पुढचं काही दिसेना. त्यानं वैतागून खुरजी उलटी केली आणि म्हणाला, घ्या, तुमचं तुम्हीच वाटून घ्या.

यातल्या डझनाहून जरा जास्त भाषांनाच आज लिखित भाषेचा दर्जा आहे. दोन वेगळ्या गावांची माणसं मखचकालाच्या बाजारात भेटली तर पूर्वी मैदानी भागात कुमिकमध्ये बोलत. आता रशियनमध्ये बोलतात.

मग हे लोक लिहायचे कशात?

फार काळ अरबीत. सातव्या-आठव्या शतकात अरब कॅस्पियन किनाऱ्यावरच्या देर्बेंत शहरापर्यंत आले आणि त्यानंतर हळूहळू डोंगरातही इस्लाम पोहोचला. शास्त्र, कायदा, इतिहास, पत्रव्यवहार सगळं अरबीत होऊ लागलं. आपल्याकडे पंडितांचं काम संस्कृतात चालायचं आणि घरचं बोलणं मराठीत, साधारण तसं. एकोणिसाव्या शतकात इमाम शमिलनं रशियाशी पंचवीस वर्षं झुंज दिली. १८५९ मध्ये गुनीबच्या डोंगरावर तो शरण आला. त्या लढायांची बखर त्याच्या सोबतच्या मुहम्मद ताहिर अल-कराखी यानं लिहिली, ती अरबीतच.

घरच्या भाषेत लिहायचं तर अरबी अक्षरांनाच काही खुणा जोडून काम भागवायचे. या लिपीला 'अजम' म्हणत. मग १९१७ ची रशियन क्रांती झाली. १९२८ मध्ये सरकारनं अरबी अक्षरं काढून रोमन लिपी आणली. पुरती दहा वर्षं झाली नाहीत तोच, १९३८ मध्ये रोमन काढून रशियन अक्षरं आणली.

याचा अर्थ घरात काय होतो? आजोबा अजम वाचतात. बापाची शाळा रोमन लिपीत. मुलाची रशियन लिपीत. भाषा तीच, घर तेच, पण आजोबांची वही नातवाला उघडता येत नाही. आपल्याकडे घराघरातल्या मोडी कागदपत्रांचं जे झालं ते ओळखीचं आहे, फक्त तिथं सगळं दहा वर्षांत उरकलं. शिवाय त्या काळात अरबी येणं हेच संशयाचं कारण होतं. माणसं तुरुंगात गेली, पुस्तकं नष्ट झाली.

कागद नव्हता तेव्हा कविता कुठे होती?

तोंडात. आणि ती भारीच होती.

अवारांचा 'खोचबार'चा पोवाडा घ्या. गिदातल खोऱ्यातला हा शूर पुढारी खुनझाखच्या खानाला डोईजड झालेला असतो. खान त्याला मेजवानीचं बोलावणं पाठवतो. गावकरी जाऊ नको म्हणतात, तरी तो जातो. तिथं त्याच्यासाठी चिता रचून ठेवलेली असते. मरण्याआधी तो शेवटचं गाणं म्हणायची परवानगी मागतो. गातो, नाचतो, आणि मग खानाच्या दोन मुलांना काखेत धरून आगीत उडी घेतो. पोरं जळताना ओरडतात, तर तो म्हणतो, ओरडता कशाला, मीही तुमच्याबरोबर जळतोच आहे ना. हे ऐकवायला कागद लागत नाही.

एकोणिसाव्या शतकातले कवी याच मुशीतले. 'इर्ची' म्हणजे गायक. कुमिकांचा इर्ची कझाक मित्राला एक मुलगी पळवायला मदत करतो आणि तिथल्या संस्थानिकाच्या रागापायी सैबेरियात जाऊन पडतो. दार्गिनांचा बातिराय गायला लागला की गाव कामधंदा टाकून बसायचं. म्हणून पंचांनी त्याच्या गाण्यावर दंड लावला, गाशील तर एक बैल भर. मग लोकच आपापसात वर्गणी काढून बैल भरायचे आणि त्याला गायला लावायचे, असं सांगतात.

माझा सगळ्यात आवडता म्हणजे अवारांचा महमूद, काहाब-रोसो गावचा. १९१४ च्या युद्धात तो रशियाच्या घोडदळातून कार्पेथियन डोंगरात गेला. तिथल्या एका चर्चमध्ये त्यानं मेरीचं चित्र पाहिलं आणि त्याला आपली मुई आठवली, दुसऱ्याशी लग्न लावून दिलेली. मुसलमान शिपाई, ख्रिस्ती चित्र आणि गावाकडची हातची गेलेली मुलगी, यातून त्याची 'मरियम' ही दीर्घ कविता जन्मली. १९१९ मध्ये कुणीतरी त्याला गोळी घातली. त्याच्या कविता लोकांनी तोंडपाठ ठेवल्या म्हणून उरल्या.

आणि टॉलस्टॉय?

हा प्रश्न येणारच, कारण मराठी वाचकाला कॉकेशस भेटतं ते बहुधा त्याच्यामार्फत. शमिलचा उजवा हात असलेला खुनझाखचा हाजी मुराद रशियनांना जाऊन मिळाला आणि १८५२ मध्ये मारला गेला. त्याच्यावरची टॉलस्टॉयची लघुकादंबरी लेखकाच्या मृत्यूनंतर, १९१२ मध्ये छापली गेली. त्याही आधी बेस्तुझेव्ह-मार्लिन्स्की या लेखकाला झारनं शिक्षा म्हणून शिपाई करून देर्बेंतला धाडलं होतं. त्यानं तिथल्या आयुष्यावर लिहिलेल्या कथेवर १८३० च्या दशकात रशियन वाचक अक्षरशः तुटून पडले. लेर्मंतोव्हची तर दागेस्तानच्या दरीत गोळी लागून पडलेल्या माणसाच्या स्वप्नाची कविताच आहे.

हे सगळं वाचावंच. पण ते बाहेरून आलेल्या माणसांनी पाहिलेलं दागेस्तान आहे. टॉलस्टॉय बराच न्यायानं बघतो, तरी खिडकी त्याची आहे. घरातली माणसं काय म्हणत होती, ते रशियनमध्ये यायला अजून काही वर्षं लागायची होती.

'विसाव्या शतकातला होमर' कुठून उगवला?

१९३४ साल. मॉस्कोत सोव्हिएत लेखकांचं पहिलं अधिवेशन भरलं. व्यासपीठावर मॅक्झिम गॉर्कीसारखी मंडळी आणि त्यांच्यात एक पासष्टीचा खेडूत म्हातारा: सुलेमान स्तालस्की, लेझगिन भाषेतला लोककवी. निरक्षर. आयुष्यभर मजुरी केलेला, बाकूच्या तेलखाणींतही राबलेला. तिथं बसल्या बसल्याच तो पुटपुटत कविता रचत होता. मग उठला आणि त्यानं ती म्हटली. सभागृहातल्या बहुतेकांना एक अक्षर कळलं नसणार. समारोपाच्या भाषणात गॉर्कीनं त्याला 'विसाव्या शतकातला होमर' म्हटलं आणि म्हातारा देशभर प्रसिद्ध झाला.

स्तालस्कीला जे सुचायचं ते दुसऱ्या कुणीतरी कागदावर उतरवायचं. आपल्याला यात नवल वाटू नये. बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी टिपून ठेवल्या नसत्या, तर आज काय उरलं असतं? फरक इतकाच की तिथं टिपणं आणि भाषांतर हातात हात घालून चालत होतं. एफेंदी कापिएव हा तरुण लेखक जन्मानं लाक, लिहायचा रशियनमध्ये. तो स्तालस्कीजवळ राहिला, त्याचं बोलणं रशियनमध्ये आणत गेला, पुढे त्याच्यावर पुस्तकही लिहिलं. छापलेल्या ओळींतलं म्हाताऱ्याचं किती आणि लिहून घेणाऱ्यांचं किती, यावर वाद झालेले आहेत. स्तालस्कीच्या नावावरच्या, स्तालिनची स्तुती करणाऱ्या कविता वाचताना हा वाद मनात ठेवलेला बरा.

ओळीखालचा खर्डा: सगळ्या गोष्टीची किल्ली

मॉस्कोतल्या कवीला अवार येत नाही. डोंगरातल्या कवीची रशियन कविता लिहिण्याइतकी पक्की नाही. मग भाषांतर होतं कसं?

रशियनमध्ये याला 'पोदस्त्रोचनिक' म्हणतात, शब्दशः 'ओळीखालचा'. आपण खर्डा म्हणू (मिरचीचा नव्हे, कच्चा मसुदा). दोन्ही भाषा येणारा माणूस प्रत्येक ओळीचा अर्थ साध्या रशियन गद्यात लिहून काढतो. बऱ्याचदा तो माणूस स्वतः मूळ कवीच असायचा. जमलं तर बाजूला टीप: इथं शब्दाचा खेळ आहे, इथं अमुक म्हणीची छाया आहे. हा कागद मॉस्कोतल्या कवीकडे जातो आणि तो त्यातून रशियन कविता उभी करतो.

शिंप्याचं उदाहरण घ्या. गिऱ्हाईक लांबच्या गावी. शिंप्याकडे फक्त मापांची चिठ्ठी: छाती इतकी, बाही इतकी. त्यानं माणूस कधी पाहिलेला नाही. कपडा शिवून होतो, बसतोही. पण तो माणूस चालतो कसा, खांदे टाकून की ताठ, ते चिठ्ठीत नसतं.

आणि कधी कधी शिंपी चिठ्ठीत नसलेलं काही जोडतो. पारंपरिक अवार कवितेत ओळीच्या शेवटी यमक जुळवायची रीत नाही. तिचा ताल शब्दांच्या चालीत असतो. रशियन वाचकाला मात्र त्या काळी यमकाशिवाय कविता म्हणजे मिठाशिवाय वरण. त्यामुळे रशियनमधले सगळे अवार कवी छान यमकात बोलतात. ते यमक त्यांचं नव्हे, शिंप्याचं.

हे शिंपीही साधेसुधे नव्हते. सोव्हिएत काळात ज्यांच्या स्वतःच्या कविता छापायला परवानगी मिळत नव्हती, अशा मोठ्या मोठ्या कवींनी असल्या भाषांतरांवर पोट भरलं. अर्सेनी तार्कोव्स्कीनं तर वैतागून एक कविताच लिहिली, त्यात 'पूर्वेकडची भाषांतरं' करून डोकं कसं ठणकतं ते सांगितलं. लहान भाषांना मोठे कवी भाषांतरकार म्हणून मिळाले, आणि त्यामागे त्या मोठ्या कवींची घुसमट होती. मला हा त्या काळातला सगळ्यात विचित्र सौदा वाटतो.

हमजातोव की गमझातोव?

आता मूळ गाण्याच्या कवीकडे. नावापासूनच भाषांतर सुरू होतं. रशियनमध्ये 'ह' हा उच्चार नीटसा नाही, त्याचा 'ग' होतो. म्हणून अवारांचा हमजात रशियनमध्ये 'गमझात' झाला आणि जग त्याला गमझातोव म्हणून ओळखू लागलं. हिंदी अनुवादक मदनलाल मधु यांनी तो परत 'हमज़ातोव' केला. मलाही तेच बरं वाटतं.

वडील हमजात त्सादासा हेही नामवंत कवी, गावच्या लबाड मुल्लांवर आणि कंजूष श्रीमंतांवर चिमटे काढणारे. 'त्सादासा' हे आडनाव म्हणजे 'त्सादा गावचा'. आपल्याकडे त्यांना त्सादाकर म्हटलं असतं. त्याच खुनझाखजवळच्या त्सादात ८ सप्टेंबर १९२३ रोजी रसूलचा जन्म झाला. १९४५ मध्ये तो मॉस्कोच्या गॉर्की साहित्य संस्थेत शिकायला गेला. तिथं त्याला दोन वर्गमित्र भेटले: नाउम ग्रेब्नेव आणि याकोव कोझलोव्स्की. पुढे हेच दोघं त्याचे मुख्य भाषांतरकार झाले. म्हणजे त्याच्या बाबतीत शिंप्यानं गिऱ्हाईक पाहिलेलं होतं, त्याच्यासोबत चहा प्यायला होता, रात्ररात्र गप्पा मारल्या होत्या. अवार दोघांनाही येत नव्हती, पण माणूस येत होता. हमजातोव रशियनमध्ये इतका जिवंत वाटतो याचं अर्धं श्रेय मी या मैत्रीला देतो.

१९६३ मध्ये त्याला लेनिन पारितोषिक मिळालं. दागेस्तानच्या लेखक संघाचा तो १९५१ पासून २००३ मध्ये मरेपर्यंत प्रमुख होता. गद्यातलं त्याचं मोठं काम म्हणजे 'माझं दागेस्तान'. ते रशियनमध्ये आणलं व्लादिमीर सोलोऊखिन यानं.

त्या पुस्तकातला एक प्रसंग ज्यानं वाचला तो विसरत नाही. पॅरिसमध्ये हमजातोवला एक दागेस्तानी चित्रकार भेटतो, क्रांतीनंतर देश सोडून गेलेला. परत आल्यावर हमजातोव त्याच्या म्हाताऱ्या आईला शोधून काढतो. मुलगा जिवंत आहे हे ऐकून सगळे आनंदतात. आई विचारते, तुम्ही अवारमध्ये बोललात ना? नाही, तो म्हणतो, दुभाष्यामार्फत. मी रशियन बोलत होतो, तो फ्रेंच. आई तोंडावर काळा पदर ओढून घेते. मुलाच्या मरणाची बातमी आल्यावर तिथं आया ओढतात तसा. म्हणते, तुझी चूक झाली रसूल. माझा मुलगा कधीच मेला. तो माझा मुलगा नव्हता.

आता क्रौंचांचं काय झालं ते बघू

१९६५ मध्ये हमजातोव हिरोशिमाला गेला. अणुबाँबनंतरच्या आजारानं गेलेल्या सादाको या मुलीचं स्मारक, कागदाचे हजार क्रौंच, हे त्यानं पाहिलं. तिथेच त्याला तार मिळाली, आई गेल्याची. युद्धात त्याचे दोन मोठे भाऊ आधीच गेले होते. परतीच्या विमानात हे सगळं एकत्र आलं आणि कविता सुरू झाली. अवारमध्ये क्रौंचाला 'कुन्क्रा' म्हणतात. म्हणून बघा, पक्षी ओरडल्यासारखंच वाटतं.

ग्रेब्नेवनं तिचं रशियन केलं. तो स्वतः युद्धात लढलेला, जखमी झालेला माणूस. १९६८ मध्ये 'नोवी मीर' मासिकात ती छापून आली. गायक-नट मार्क बेर्नेस यानं वाचली आणि त्यानं ग्रेब्नेवला फोन केला. याचं गाणं व्हायला हवं, पण थोडे बदल करू या.

पहिल्याच ओळीत 'जिगीत' हा शब्द होता. जिगीत म्हणजे कॉकेशसचा घोडेस्वार, डोंगरातला गडी. बेर्नेस म्हणाला, इथं 'सैनिक' करा. जिगीत म्हटलं की कविता दागेस्तानची राहते. सैनिक म्हटलं की ज्याच्या घरातला कुणी परतला नाही, त्या प्रत्येकाची होते.

दुसरा बदल फारसा कुणी सांगत नाही, आणि मला तोच जास्त बोचतो. छापील कवितेत एक कडवं होतं. क्रौंच उडता उडता कुणाची तरी नावं पुकारतात, आणि अवार भाषा क्रौंचांच्या सादेसारखी वाटते ती म्हणूनच तर नव्हे, असं त्यात विचारलं होतं. २४ ओळींच्या १६ ओळी करताना अवार भाषेचा हा उल्लेख गेला.

यान फ्रेंकेलनं चाल बांधली. बेर्नेसला तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग होता आणि ते त्याला ठाऊक होतं. जुलै १९६९ मध्ये त्यानं गाणं ध्वनिमुद्रित केलं. थव्यातली ती छोटी फट माझ्यासाठी असेल ही ओळ तो गातो तेव्हा ती कल्पना उरत नाही. ऑगस्टमध्ये तो गेला.

जपानची मुलगी, अवार आई, आजारी गायक. आणि मधोमध एक भाषांतरकार, ज्याचं नाव गाणं ऐकणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं.

मग हा अन्याय नाही का?

एक बाजू म्हणते, हो. लहान भाषेची कविता मोठ्या भाषेनं घेतली, तिचा डोंगर खरवडून काढला आणि आपल्या सणाला लावली. याला माझ्याकडे पूर्ण खोडणारं उत्तर नाही. भाषेचं कडवं कापलं गेलं हे कापलंच गेलं.

पण दुसरं काय झालं असतं तेही बघा. अवार भाषक सारे मिळून दहा लाखांच्या आसपास. बदलाला हमजातोवनं स्वतः होकार दिला होता आणि बेर्नेसचं म्हणणं योग्य होतं असं सांगितलंही. शिवाय आणखी एक गंमत: लेझगिन वाचकालाही अवार येत नाही. दार्गिन, कुमिक, लाक वाचकालाही नाही. म्हणजे खुद्द दागेस्तानातल्या शेजाऱ्यानं हमजातोव वाचला तो रशियनमध्येच. महमूद, बातिराय, इर्ची कझाक, स्तालस्की हे सगळे मिळून 'दागेस्तानी साहित्य' ही एक गोष्ट झाली ती भाषांतराच्या टेबलावर. त्याआधी ती वेगवेगळ्या दऱ्यांमधली वेगवेगळी गाणी होती.

पण हे सगळं सरकारी नव्हतं?

होतं. 'जनकवी' ही पदवी सरकार द्यायचं, पारितोषिकं सरकार द्यायचं, १९६० मध्ये मॉस्कोत दहा दिवसांचा दागेस्तानी कला-साहित्याचा महोत्सवही सरकारनंच भरवला होता. सगळ्या जमाती गुण्यागोविंदानं नांदतात हे दाखवायला प्रत्येक जमातीचा एक कवी हवा असायचा. त्याची किंमतही मोजावी लागली. १९५० च्या सुमारास वरून हुकूम आला की शमिल हा वीर नसून ब्रिटिश-तुर्कांचा हस्तक होता. तरुण हमजातोवनं शमिलची निंदा करणारी कविता लिहिली. पुढे जन्मभर त्याला ती छळत राहिली. त्यानं उघड माफी मागितली, शमिलवर पुन्हा वेगळ्या सुरात लिहिलं. 'माझं दागेस्तान'च्या सुरुवातीलाच अबुतालिब या जुन्या लाक कवीच्या तोंडचं वाक्य आहे: भूतकाळावर पिस्तुलानं गोळी झाडलीस तर भविष्य तुझ्यावर तोफ डागेल. ते वाक्य कुणाला उद्देशून आहे हे आता वेगळं सांगायला नको.

आणि आज?

भाषा शाळेत आहेत, पण डळमळीत. २०१८ च्या रशियन कायद्यानं शाळेतली मातृभाषा ऐच्छिक केली, पालकांनी लेखी मागितली तर मिळेल अशी. मखचकालात वाढणाऱ्या मुलांची पहिली भाषा बहुतेक वेळा रशियनच असते. अवारमधलं 'हकीकत', कुमिकमधलं 'योल्दाश', 'लेझगी गझेत' अशी वर्तमानपत्रं अजून निघतात. फाझू अलियेवा ही अवारमध्ये लिहिणारी मोठी कवयित्री २०१६ मध्ये गेली.

नवी पिढी थेट रशियनमध्ये लिहिते. २००९ मध्ये मॉस्कोत तरुण लेखकांसाठीचं 'देब्यूत' पारितोषिक एका दीर्घकथेला मिळालं. मखचकालातल्या एका पोराचा एक दिवस, गल्लीतली भाषा, भांडणं, धर्माच्या गप्पा. लेखकाचं नाव गुल्ला खिराचेव. बक्षीस घ्यायला उठली ती अलिसा गनियेवा नावाची चोवीस वर्षांची अवार मुलगी. पुरुषाचं नाव तिनंच घेतलं होतं. तिच्या लिखाणात खर्डा नाही, मधला हातही नाही. पात्रंच रशियन बोलतात, मध्ये मध्ये अवार आणि अरबी शब्द टाकून, आपण मराठीत इंग्रजी टाकतो तसं.

हमजातोवची मातृभाषेवरची एक ओळ रशियाभर पाठ आहे: उद्या माझी भाषा मरणार असेल तर मी आज मरायला तयार आहे. पाठ आहे ती ग्रेब्नेवच्या रशियनमध्ये, यमकासकट.

पुतण्याला हे सांगितल्यावर त्यानं एकच विचारलं: अवार लोक मोबाइलवर टाइप कसं करतात? चांगला प्रश्न. अवारमध्ये घशाच्या तळातून येणारे असे काही उच्चार आहेत की रशियन अक्षरं त्यांना पुरत नाहीत. म्हणून १९३८ नंतर अक्षराला एक उभी काडी जोडायची पद्धत आली. तिचं नावच 'पालोच्का', म्हणजे काडी. साध्या रशियन कीबोर्डवर ही काडी नसते. मग लोक शब्दाच्या मधोमध सरळ आकड्यातला एक टाकतात, रोमन पद्धतीचा, उभ्या रेघेसारखा. हमजातोवच्या आडनावातल्या त्या 'ह'साठीही काडी लागते, त्यामुळे मेसेजमध्ये त्याचं नाव आकडा घेऊनच येतं. वाचणाऱ्याचं काही अडत नाही. तो 'ह' वाचतो आणि पुढे जातो.